दुखवट्याच्या घरचा डबाही घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी होऊन पंधरवडा उलटला. सणाच्या दिवसांत आपल्या वृत्तपत्रात बाजारपेठेच्या, फराळाच्या आणि अतिवृष्टीने काळवंडलेल्या शेतकऱ्यांच्या दिवाळीच्या बातम्या मी रोज वाचत होते. एका घराविषयी मात्र कुठे काही आले नाही, आणि तसे घर प्रत्येक गल्लीत एखादे तरी असतेच. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेले असते आणि म्हणून ज्याला यंदा सण नसतो, असे घर. यंदा ते घर माझे होते. त्या घरात बसून जे दिसले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे यजमान ज्येष्ठात वारले. केज तालुक्यात आमचे किराणा दुकान आहे. तेहतीस वर्षांचा संसार झाला. गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी हरिपाठ आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसून आल्यागेल्याची विचारपूस, असे त्यांचे आयुष्य होते. त्यांच्या आजाराविषयी लिहिण्याचे हे ठिकाण नाही. ते गेल्यानंतर गावाने आणि भावकीने आम्हाला जो आधार दिला, त्याचे ऋण फिटणारे नाही, हे आधीच नमूद करते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणाविषयी तक्रार म्हणून वाचले जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिवाळीच्या दोन दिवस आधीपासून आमच्याकडे फराळाचे डबे येऊ लागले. धाकट्या जाऊबाईंचा आला, नणंदेचा आला, समोरच्या घरचा आला, दुकानातील जुन्या गिऱ्हाइकांचेही आले. ओट्यावर ओळीने लावून ठेवले तेव्हा अकरा भरले. प्रत्येकीने डबा हातात देताना एकच वाक्य म्हटले, "काकू, डबा रिकामाच परत द्या बरं का, तुमच्याकडं यंदा काही करायचं नसतं." बोलण्यात मायाच होती. पण आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करीत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. घरात काही नसले तर चिमूटभर साखर टाकावी, तीही नसली तर चार दाणे टाकावेत, पण डबा रिकामा जाऊ देऊ नये, असे माझी आई सांगत असे. ते अकरा डबे पाहताना माझ्या लक्षात आले की चार महिने मी फक्त हात पुढे करून घेतच आहे. सांत्वन घेतले, पिठले-भाकरी घेतली, लुगडे घेतले, आता फराळही घेतला. माझ्या हातून कोणी काही घेतले नव्हते. यजमानांबरोबर माझा देता हातही गेला आहे, असे जणू सर्वांनी मिळून ठरवून टाकले होते.

दुखवट्याची रीत वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. ज्या घरात चूल पेटवण्याचे त्राण कोणात उरत नाही, त्या घरी शेजाऱ्यांनी अन्न पोचवावे, ज्याचे मन लागत नाही त्याला हसण्याची, नटण्याची सक्ती होऊ नये, या समजुतीतूनच ती आली असावी. सुतक दहा दिवसांचे असते. तेराव्याला गोडाचे जेवण होते, म्हणजे भावकी आणि गाव मिळून त्या घराच्या तोंडात पुन्हा गोड घास घालतात. एवढे शहाणपण ज्या रीतीत आहे, तिनेच पुढे वर्षभर त्या घराचा घास परका ठरवावा, हे मला पटत नाही. माणसाला कंदील लावावासा वाटला नाही तर तो त्याचा प्रश्न आहे, पण त्याने काही देऊ केले तर ते टाळणे हे दुःखाचा मान राखणे नव्हे.

ही गोष्ट मला पहिल्यांदा दिसली ती 1993 साली, पण तेव्हा तिचा अर्थ कळण्याइतके माझे वय नव्हते. माझे माहेर औसा तालुक्यातले, आणि सख्खी मावशी किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन करून माणसे नुकती कुठे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या, आणि मावशीच्या घरातली तीन माणसे गेली. दीड महिन्याने दिवाळी आली. माझे लग्न नुकतेच झाले होते, तरी मी वडिलांबरोबर तिला भेटायला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये ती बसली होती. लांबलांबून मदत येत होती, कपडे, भांडी, घोंगड्या, बिस्किटांचे पुडे, आणि देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. मावशी मात्र ते सगळे घ्यायची आणि कोपऱ्यात ठेवायची, बोलायची नाही. त्या दिवशी मदत घेऊन आलेला कॉलेजातला एक मुलगा दुपारी दोन वाजेपर्यंत उपाशी फिरत होता, हे तिच्या लक्षात आले. ती उठली, तीन दगडांच्या चुलीवर तवा ठेवला, मदतीत आलेल्याच ज्वारीचे पीठ मळले आणि त्याला दोन भाकरी करून वाढल्या. तिसरी घे म्हणून आग्रह केला. भूकंपानंतर तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आग्रह होता, असे माझ्या वडिलांनी परतीच्या वाटेवर मला सांगितले. तो मुलगा "नको, तुमच्याच घरी अडचण आहे" असे म्हणाला असता, तर मावशी पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली असती. त्याने भाकरी खाल्ली, याबद्दल मी आजही त्याची कृतज्ञ आहे.

आता यंदाच्या काकड्याविषयी सांगते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावातल्या विठ्ठलाच्या देवळात, मराठवाड्यातल्या बहुतेक गावांप्रमाणे, पहाटे काकडा असतो. साडेचारला टाळ वाजू लागतात, अभंग होतात, देवाचे स्नान आणि आरती होते, आणि त्या दिवशी ज्या घराची पाळी असेल त्या घरून आलेला प्रसाद वाटला जातो. लक्ष्मीपूजनाच्या पहाटेची पाळी गेली अनेक वर्षे आमच्या घरची होती. काकडा सुरू होण्याआधी पाळ्यांची यादी देवळात लागली, तेव्हा त्या दिवसापुढे दुसऱ्या घराचे नाव होते. ज्यांनी ते बदलले त्यांनी आम्हाला त्रास पडू नये म्हणूनच बदलले, मला कोणी विचारले मात्र नाही. त्या दिवशी मी घरी येऊन जितकी रडले, तितकी तेराव्यालाही रडले नव्हते. देवाच्या दारात द्यायचा हक्कही आता आपल्याला उरला नाही, असे वाटले.

मग मी वडीलधाऱ्या विणेकऱ्यांकडे गेले आणि पाळी परत मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माय, चूक आमची झाली. देवाला कुठं आलंय सुतक?" पाळी परत मिळाली. लक्ष्मीपूजनाच्या पहाटे मी आणि सून पातेलेभर शिरा घेऊन देवळात गेलो. यजमान ज्या खांबाशी उभे राहून टाळ वाजवीत, ती जागा रिकामी होती. त्यांचा टाळ खुंटीला टांगलेला होता. त्याची दोरी त्यांच्या हाताच्या घामाने काळी पडून एका बाजूला इतकी झिजली होती की बोटे कुठे येत, हे दिसत होते. मी तो हातात घेतला. मला टाळ येत नाही, तालही चुकला, तरी आरती होईपर्यंत मी तो खाली ठेवला नाही. नंतर द्रोण भरभरून शिरा वाटला. लोकांनी हात पुढे केले, खाल्ला, एका म्हातारबाबांनी परत मागून घेतला, आणि त्या परत मागण्याने माझ्या छातीवरचा एक धोंडा हलल्यासारखा झाला. श्रद्धेमुळे दुःख नाहीसे होते, असे मी म्हणणार नाही. माझे झालेले नाही. पण पहाटे साडेचारला अंथरुणातून उठण्याला जे कारण लागते, ते मला त्या महिनाभर देवाने दिले, एवढे मात्र खात्रीने सांगू शकते.

त्याच सुमारास दुकानात आणखी एक प्रसंग घडला. आमच्या भागातून दर हंगामाला हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरली जाते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने घराला कुलूप लागते किंवा घरात म्हातारी माणसे तेवढी उरतात. यंदा सप्टेंबरच्या पावसाने ज्यांचे एकरभर सोयाबीन होते तेही पाण्यात गेले, त्यामुळे हात आणखी आखडले होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अशाच घरातली एक बाई दुकानाच्या पायरीशी बराच वेळ उभी होती. मुलाने विचारले तरी बोलेना. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, "काकू, तुमच्या घरी असं दुःख झालेलं, तोंड वर करून मागू वाटत न्हाई. पण पाडव्याला ट्रॅक्टर निघणार. लेकरांसाठी किलोभर साखर अन् रवा उधारीवर देता का?"

तिला साखर, रवा, तेल दिले, ते उधारीच्या वहीत लिहिले नाही. माझ्या मनात राहिले ते तिचे पायरीशी थांबणे. आमच्या दुःखामुळे तिला मागण्याचीही लाज वाटली होती. म्हणजे दुखवट्याने माझे देणे थांबवले होते आणि तिचे मागणेही. यजमान असते तर ती सरळ आत आली असती.

त्या रात्री मी सुनेला म्हटले की आपण फराळ करू, स्वतःसाठी नव्हे, निघणाऱ्या लोकांसाठी. सून घाबरली. नणंदबाईंचा फोन आला की वर्षाच्या आत कढई चढवायची नसते, लोक काय म्हणतील. मी त्यांना एवढेच सांगितले की वन्सं, तुमच्या भावाने या दुकानातून उपाशी माणूस कधी माघारी पाठवला नाही, आणि त्यांच्या जाण्यानंतरची पहिली दिवाळी ही तशी जावी, असे मला वाटत नाही. त्या फोनवर काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन शंकरपाळ्या कापायला बसल्या. दहा किलो चुरमुऱ्यांचा चिवडा झाला, शेव झाली, शंकरपाळ्या झाल्या. करंज्या करायला वेळ नव्हता. काकड्याला येणाऱ्या चार बायका मदतीला आल्या. आमच्या गल्लीत एक तरुण बाई आहे, तिच्या शेतकरी नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. तेव्हापासून तिला सणाला कोणी बोलावत नाही, आणि मीही कधी बोलावले नव्हते, हे मला इथे कबूल केले पाहिजे. तिच्या हातची शेव गावात नावाजलेली. मी तिच्या घरी गेले आणि म्हणाले, "बाई, मला शेव जमत नाही, पीठ तू भिजव." ती आली, साचा हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. तिला मदत द्यायला लोक जातात, सरकारी कागद भरून द्यायलाही जातात, पण तिच्याकडे काही मागायला दोन वर्षांत कोणी गेले नव्हते, असे तीच म्हणाली.

पाडव्याच्या दुपारी दोन ट्रॉल्या भरून माणसे निघाली. संसाराची गाठोडी, चुलीची लाकडे, कोंबड्यांची डालगी, वर लेकरे. आम्ही कागदी पुडक्यांतून फराळ वाटला. पायरीशी थांबलेली ती बाईही त्यांत होती. तिने पुडके घेतले, ओच्यातून चार सीताफळे काढून माझ्या ओटीत टाकली आणि म्हणाली, "रिकामं जाऊ ने." बालाघाटाच्या डोंगरातली, पिकून डोळे फुटलेली ती सीताफळे मी यजमानांच्या तसबिरीपुढे ठेवली, आणि नंतर आम्ही घरच्या सगळ्यांनी बसून खाल्ली. ज्येष्ठापासून आमच्या घरात सगळे एका वेळी जेवायला, खायला बसले ते तेव्हाच. मला आनंद झाला, हे सांगायला मी मुळीच कचरत नाही. त्याच रात्री मला पुन्हा रडू आले, हेही खरे आहे. या दोन गोष्टी एका घरात, एकाच दिवशी राहू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

कोणी म्हणेल की हे धर्माला सोडून झाले. पैठणचे एकनाथ महाराज आपलेच. त्यांच्या घरी वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला असताना त्या काळी अस्पृश्य मानलेले एक भुकेले कुटुंब दारावरून गेले, अन्नाचा वास येऊन त्यांचे लेकरू कासावीस झाले, तेव्हा नाथांनी आधी त्यांना पोटभर जेवू घातले. गावच्या ब्राह्मणांनी मग जेवायला नकार दिला, आणि पितर स्वतः येऊन जेवून गेले, अशी कथा मराठवाड्यातल्या घराघरांत सांगितली जाते. गेलेल्या माणसाच्या नावाचे अन्न भुकेल्याच्या मुखात गेले तर ते त्याला पोचते, असा विश्वास या मातीत साडेचारशे वर्षांपासून आहे. दर वर्षी नाथषष्ठीला लाखो वारकरी त्या पैठणला जातात. तेच आपण घरी आल्यावर दुखवट्याच्या घरचा घास नाकारतो, याचे मला वाईट वाटते.

आणि हे केवळ आपल्या पंथापुरते नाही. आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब राहते. कित्येक वर्षांपूर्वी त्यांचा तरणा मुलगा अपघातात गेला, आणि तीनच आठवड्यांनी रमजान ईद आली. ईदच्या नमाजाआधी गरिबांचा फितरा द्यावाच लागतो, कारण त्यांच्याही घरी ईद झाली पाहिजे. त्या घराने तो दिला, आणि भाभींनी एका लहान पातेल्यात शीरखुर्मा करून आमच्याकडेही पाठवला. माझ्या सासूबाई घोटाळल्या, की ज्यांच्या घरी मूल गेले त्यांच्याकडचे गोड कसे खावे. यजमानांनी वाटी उचलली आणि उभ्याउभ्याच खाल्ली, आणि भाभींना निरोप पाठवला की खुर्मा छान झाला होता. आमच्या गावातल्या बौद्ध कुटुंबांतही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गेलेल्या माणसाच्या नावाने विहाराला किंवा शाळेला काही दान देतात. दुःखाच्या वेळी हात उघडा ठेवायचा, हे सगळ्यांनीच सांगितलेले दिसते.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. याचा अर्थ दुःखातल्या माणसाकडून दानाची अपेक्षा धरावी, असा कोणी काढू नये. तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढणारी घरे मी दुकानात बसून पाहिली आहेत. त्यांची उधारी आमच्याच वहीत वर्षानुवर्षे राहिली आहे, आणि तसल्या देण्याला मी देणे म्हणत नाही. ज्याला वर्षभर दार लावून बसावेसे वाटते, त्याला तसेही बसू द्यावे. माझे म्हणणे त्यापेक्षा फार लहान आहे. त्याने दार उघडून वाटीभर काही पुढे केले, तर ती वाटी घ्यावी. त्याने काहीच पुढे केले नाही, तर एखाद्या दिवशी आपणच जाऊन काहीतरी मागावे, विरजण मागावे, करंजीचे कातणे मागावे, लेकराला गणित शिकवा म्हणावे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी सणाच्या आठवड्यात अशा घरांविषयी चार ओळी जरूर छापाव्यात. कीर्तनकार महाराजांनीही तेराव्याच्या कीर्तनात, वैराग्य सांगून झाल्यावर, ऐकायला बसलेल्या गावाला या घरचे अन्न खा, असे एकदा स्पष्ट सांगावे. त्यांचे सांगणे आमच्यासारख्यांच्या सांगण्यापेक्षा लवकर ऐकले जाते. आणि संक्रांत जवळ येते आहे. ज्या बाईचा नवरा गेला आहे तिला हळदीकुंकवाला बोलावतील की नाही, हा वाद मोठा आहे आणि तो मी या पत्रात काढत नाही, पण तिच्या हातचा तिळगूळ तरी घ्या.

त्या अकरा डब्यांपैकी आठ मी दिवाळीतच भरून परत केले. तीन डबे अजून माझ्या ओट्यावर आहेत, कारण त्यांच्या मालकिणी "राहू द्या, नंतर नेऊ" म्हणून ते नेत नाहीत. त्या तिघीही आपले वृत्तपत्र रोज वाचतात. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, मी माहेरच्या रीतीने भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबील करणार आहे, आणि ते डबे त्यात भरून पाठवणार आहे. त्यांनी ते घ्यावेत.

आपली नम्र,
एक वाचक
ता. केज, जि. बीड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)